न्हाणीत गॅस गिझर: धुराचा पाइप बाहेर काढलाच पाहिजे का? (सातारा)

करंजेकर_सून | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. साताऱ्यात करंज्यात आमचं जुनं घर आहे. दिवाळीनंतर मागच्या पडवीची एक बाजू बंद करून तिथे न्हाणी केली. ४ बाय ६ फूट, उंची ८. सासऱ्यांना गार वारा सोसत नाही, म्हणून वरच्या झरोक्याला गवंड्याने काच बसवून चारी कडांना सिलिकॉन भरलं. दाराखाली रबरी पट्टी. आत गेलं की झुळूक म्हणून येत नाही. सासरे खूश.

वायरिंग जुनं आहे, विजेचा गिझर लावला की ट्रिप होतं. म्हणून ६ लिटरचा गॅस गिझर घेतला. काल दुकानातून माणूस आला. भिंतीवर टांगला, नळी जोडली, सिलिंडर आतच कोपऱ्यात ठेवला आणि निघाला. मी विचारलं, याचा धूर कुठे जाणार? तर म्हणे, "ताई, गॅसला कुठला आलाय धूर? अन् फारच वाटलं तर दार जरा उघडं ठेवायचं."

अंघोळीला. दार उघडं. घरात सासरे, दीर आणि दोन कॉलेजातले पुतणे.

अजून कोणी वापरलेला नाही. मी सगळ्यांना दम देऊन ठेवलाय. काय करू?


कंदी_पेढा | रात्री ९.२५

दार उघडं ठेवूनच अंघोळ करायची तर न्हाणी बांधायचा खर्च कशाला केलात? संगम माहुलीला घाट आहे की. कृष्णा आणि वेण्णा, दोन्ही नद्यांचं पाणी, गिझर नको, पाइप नको.

विनोद सोडा, पण तो चालू करू नका. जाणकार येतीलच.


जुना_फिटर | रात्री १०.०२

सूनबाई, चालू केला नाही हे बेस केलंत. मी सांगलीला ३१ वर्षं प्लंबिंग केलंय, आता पोरगं बघतंय. गॅसला धूर नसतो म्हणणारा फिटर आधी घराबाहेर काढायचा. धूर दिसत नाही एवढंच.

आत्ताच्या आत्ता दोन कामं करा. सिलिंडर बाहेर काढा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, फरशीवर पाण्यागत पसरतो. आणि तुम्ही दाराखाली रबर लावलंय, म्हणजे तो जाणार कुठं? दुसरं, ती रबरी पट्टी उपटा.

मग गिझरच्या डोक्यावर बघून सांगा. नुसती जाळी आहे का पाइप बसवायची गोल कॉलर आहे? आणि खोक्यात काय काय आलं होतं?


करंजेकर_सून | रात्री १०.२०

काका, सिलिंडर आणि पट्टी दोन्ही निघाले. गिझरवर गोल कॉलर आहे. खोक्यात पत्र्याचा पाइप, एक कोपर आणि छत्रीसारखी टोपी होती. तो माणूस म्हणाला हे फ्लॅटवाल्यांसाठी असतं. सध्या माळ्यावर आहे.


जुना_फिटर | रात्री १०.३१

कंपनीनं दिलेलं सामान माळ्यावर, आणि माणसं न्हाणीत! पाइप बसवायचा म्हणजे भिंतीला भोक पाडायला अर्धा दिवस जातो, आणि त्याचे पैसे त्याला कोण देत नाही. म्हणून हे सगळं.


भडंग | रात्री ११.१५

उगाच घाबरवू नका हो त्यांना. विश्रामबागला आमच्याकडे ९ वर्षं बिनपाइपाचा गिझर आहे, तोही न्हाणीतच. काही झालेलं नाही. व्हेंटिलेटरला काचेच्या पट्ट्या आहेत, थंडीत बंद करतो, उन्हाळ्यात उघडतो. गॅस निळा जळत असेल तर काही होत नाही.


हिशोबी | रविवार, सकाळी ७.४०

झोप येईना म्हणून गणित केलं. चूक असेल तर सांगा.

४ × ६ × ८ म्हणजे १९२ घनफूट, साधारण साडेपाच घनमीटर हवा. आता गिझर. मिनिटाला ६ लिटर पाणी, थंडीत टाकीचं पाणी १८ अंश धरू, अंघोळीला ४२. फरक २४ अंशांचा, म्हणजे मिनिटाला १४४ किलोकॅलरी. एक किलो एलपीजीतून सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात, त्यातल्या ८० टक्के पाण्याला लागल्या असं धरलं तर मिनिटाला १६ ग्रॅम गॅस जळतो. वीस मिनिटांना ३२० ग्रॅम. एक किलो गॅस नीट जळायला १२ घनमीटरच्या आसपास हवा लागते. म्हणजे वीस मिनिटांत जवळजवळ ४ घनमीटर. न्हाणीत आहे एकूण साडेपाच, आणि त्यातच माणूसही श्वास घेतोय.

पण सगळी हवा संपेपर्यंत वाट बघायची गरजच नाही. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १८च्या आसपास आला की ज्वलन बिघडतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढायला लागतो. करंजेकर ताईंच्या सिलिकॉन भरलेल्या न्हाणीत, कुठूनही हवा येत नाही असं धरलं, तर तिथे पोचायला चार-पाच मिनिटं लागतात.

पुतण्यांपैकी कोणी पाच मिनिटांत अंघोळ उरकतं का?

भडंगसाहेब, सुरुवातीला ज्योत निळी दिसते ती ताज्या हवेत. पंधराव्या मिनिटाला कोणी गिझरच्या काचेतून डोकावून बघत नाही, डोळ्यांत साबण असतो.


वाठारचा_अण्णा | सकाळी ८.५५

आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता. मधून नळकांडं, खाली जाळ, भोवती पाणी. तो कधी कोणी न्हाणीत ठेवला नाही. परसात, चुलवणाशेजारी. पाणी तापलं की बादलीनं आत न्यायचं. का, तर धूर डोळ्याला झोंबायचा, माणूस खोकत बाहेर यायचा. धूरच राखणदार होता म्हणा ना. गॅस आला आणि राखणदार गेला, तसा बंब आम्ही थेट डोक्यावर टांगला.

आणि बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आठवा. दारं-खिडक्या लावून, फटींना धडपे कोंबून, खाटेखाली निखारे. आमच्या आत्याला तिथं "भोवळ यायची", घरची म्हणायची अशक्तपणा आहे. थंडीत महाबळेश्वर-पाचगणीला जाऊन खोलीत कोळशाची शेगडी मागणारे आजही आहेत. निखाऱ्याला ज्योत नसते, धूरही नसतो, पण हा वायू गिझरपेक्षाही जास्त.


कृष्णाकाठची_डॉक्टर | सकाळी १०.३०

अण्णांच्या आत्याला नेमकं काय झालं होतं ते आता सांगता येणार नाही, पण चित्र ओळखीचं आहे.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २००हून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. धोका वाटून बाहेर पळावं ही बुद्धीच आधी मंद होते, म्हणून माणूस दाराच्या कडीपर्यंत पोचत नाही. थंडीत आमच्याकडे असे रुग्ण "बाथरूममध्ये फिट आली" म्हणून येतात. गॅस गिझर चालू होता हे कोणी आपणहून सांगत नाही, आणि काहींना विनाकारण मिरगीच्या गोळ्या सुरू होतात. तेव्हा दवाखान्यात पहिलं वाक्य गिझरचं सांगा.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या वायूने भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखंच दिसतं. माणूस बेशुद्ध आणि आकडा ९८, असं होतं. रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. उपचार म्हणजे मास्कने शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास.

भडंग, एक विचारू? तुमच्या घरी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त वेळ अंघोळ कोण करतं?


भडंग | सकाळी ११.०५

बायको. रविवारी केस धुते तेव्हा अर्धा तास. का?


पोवईनाका | दुपारी १.२०

पाइप आहे म्हणजे झालं असंही नाही, म्हणून आमचं सांगतो.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. गिझरला पाइप होता, व्यवस्थित भिंतीतून पलीकडे डक्टमध्ये गेलेला. जानेवारीत पुतणी राहायला आली होती, एकोणीस वर्षांची. सकाळी अंघोळीला गेली. मी बाहेर पेपर वाचत होतो. आतून पाणी पडत होतं, गिझरचा तो भुर्रर्र आवाजही चालू. त्यामुळेच कोणाला काही वाटलं नाही. मग बादली भरून वाहायला लागली, त्याचा आवाज वेगळा येतो. सलग एकाच सुरात. बादलीत तांब्या बुडत नाहीये हे बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

हाक मारली, उत्तर नाही. दाराला आतून कडी. दोन लाथांत कडीचे स्क्रू निघाले. पोरगी भिंतीला टेकून बसलेली, मान खाली. चादरीत गुंडाळून गॅलरीत आणलं. रिक्षात बसेपर्यंत पापण्या हलायला लागल्या. दवाखान्यात बोटाला यंत्र लावलं तर ९७. मला वाटलं वाचलो. डॉक्टरांनी त्याकडे न बघता आधी मास्क लावला, ते आज वरचं वाचून कळलं का. पोरगी ठीक आहे, पण महिनाभर विसरायची.

नंतर घरमालकाला घेऊन गच्चीवर गेलो. कबुतरं शिरतात म्हणून डक्टच्या तोंडावर पत्रा ठोकलेला. चार मजल्यांच्या न्हाण्यांचा धूर त्याच डक्टमध्ये, आणि आमची खिडकीही तिकडेच उघडणारी. मालक म्हणाला, "पाइप तर दिलाच होता."


जुना_फिटर | दुपारी २.००

हेच. धूर मोकळ्या आभाळात गेला पाहिजे. डक्ट म्हणजे आभाळ नव्हे.

सूनबाई, पाइप बसवलाच तर असा. कॉलरचा जेवढा व्यास तेवढाच पाइप शेवटपर्यंत, मधे बारीक करायचा नाही. पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा. ड्रेनेजचा पीव्हीसी तुकडा उरलाय म्हणून तो लावतात लोक, तो वितळतो. गिझरवरून आधी सरळ वर हातभर जाऊ द्यायचा, मग कोपर. गरम धूर आपल्या बळावर वर चढतो, तेव्हा आडवा तुकडा बाहेरच्या अंगाला चढता हवा, आखूड हवा. दोनपेक्षा जास्त कोपर नकोत. शेवटी टोपी, आणि जवळपास कुणाची खिडकी नको. सांधे ॲल्युमिनियमच्या टेपनं. आत पंखा असलेले गिझर येतात, ते जोरानं धूर फेकतात, त्यांचा पाइप उलट किंचित बाहेर उतरता ठेवतात म्हणजे पाऊस आत येत नाही. कुठला गिझर आहे ते कागद वाचून ठरवा.

धूर गेला म्हणजे तेवढी हवा कुठून तरी आत आली पाहिजे. त्यासाठी दाराच्या खालच्या भागात जाळी. तिच्यावर पायपुसणं टेकवून ठेवायचं नाही.


कंदी_पेढा | दुपारी २.२०

एक्झॉस्ट फॅन लावला तर? आमच्याकडे तोच लावलाय.


मिनेसोटाची_माहेरवाशीण | रात्री ८.४५

मूळची वाईची, सध्या मिनेसोटात. पंख्यावरून लिहायला हात शिवशिवले.

इकडे हिवाळ्यात उणे २५ म्हणजे नेहमीचं. घर तापवायला तळघरात गॅसची भट्टी असते, फर्नेस म्हणतात. ती हवा तापवते आणि पत्र्याच्या नळ्यांतून घरभर सोडते. जुन्या फर्नेसचा धूर धातूच्या धुराड्यातून छपराबाहेर जातो, फिटरकाका म्हणाले तसा, आपल्या बळावर. घर घट्ट बंद, आणि कोणी स्वयंपाकघरातला मोठा पंखा किंवा कपडे वाळवायचं यंत्र लावलं, की घरातली हवा बाहेर ओढली जाते. तिची जागा भरायला हवा येणार कुठून? सगळ्यांत सोप्या वाटेने, म्हणजे धुराड्यातूनच, उलटी. धूर घरात परत. तुमच्या बंद न्हाणीत एक्झॉस्ट फॅन हेच करेल. दाराला पुरेशी जाळी नसेल तर पंखा गिझरचा धूर खाली ओढतो.

नव्या फर्नेसमध्ये उष्णता इतकी शोषून घेतात की धूर कोमट होतो, त्यातल्या वाफेचं पाणी सुटतं. त्यामुळे तिथे चक्क प्लास्टिकचा पाइप चालतो आणि त्याचा उतार फर्नेसकडे ठेवतात, फुटाला पाव इंच, म्हणजे पाणी परत येऊन गटारात जातं. काका, तुमच्या गिझरला हे लावू नका, इथला धूर वेगळा. असे दोन पाइप भिंतीतून बाहेर: एक धूर सोडायला, एक जाळासाठी बाहेरची हवा घ्यायला. घरातल्या हवेशी जाळाचा संबंधच नाही.

तरी मागच्या जानेवारीत पहाटे घर गार पडलं. फर्नेस स्वतःहून बंद झालेली. बाहेर गेले तर वाऱ्याने बर्फ भिंतीला लागून साचलेला, दोन्ही पाइप आत गाडलेले. हाताने उकरून तोंडं मोकळी केली, बोटं तासभर बधिर. दाब चुकला की गॅस बंद करणारा स्विच आत असतो, त्याने काम केलं होतं. इथल्या राज्याच्या कायद्याने झोपायच्या प्रत्येक खोलीपासून १० फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागतो. वाईला आईकडे मी तसाच एक नेऊन लावलाय. तुमच्याकडेही ऑनलाइन मिळतो. फक्त एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा आणि हा वेगळा. गळतीचा खाली जमिनीजवळ लावतात, हा नाकाच्या उंचीला. घेताना खोक्यावर नीट वाचा, दुकानदार दोन्हीला "गॅस अलार्म"च म्हणतात.


भडंग | सोमवार, रात्री १०.४०

डॉक्टरताईंनी तसं का विचारलं, ते दिवसभर डोक्यात होतं. संध्याकाळी हिला सहज विचारलं, रविवारी तुझं डोकं का दुखतं गं?

दर हिवाळ्यात दुखतं. केस धुतले की दुपारपर्यंत पडून असते. आम्ही म्हणायचो ओल्या केसांनी सर्दी भरते. माझी आई तिला केस उन्हात वाळवायला बसवायची, सुंठेचा लेप लावायची. उन्हाळ्यात का दुखत नाही, हे ९ वर्षांत कोणी विचारलं नाही. उन्हाळ्यात व्हेंटिलेटरच्या पट्ट्या उघड्या असतात.

आज गिझरची पुढची झाकणी काढून बघितली. वरच्या पट्ट्यांवर काजळी, बोट काळं झालं. ज्योतीची टोकं पिवळी.

गिझर बंद केलाय. वरचा माझा प्रतिसाद तसाच राहू दे, काढत नाही.


कृष्णाकाठची_डॉक्टर | रात्री ११.१०

वहिनींना सांगा, त्यांचं डोकं खरंच दुखत होतं.


जुना_फिटर | मंगळवार, सकाळी ६.३०

भडंगराव, काजळी म्हणजे बर्नर चोक किंवा हवा कमी. वर्षातून एकदा थंडीच्या आधी साफ करून घ्यायचा. सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते. सांध्याला साबणाचा फेस लावून बघायचा, काडी पेटवून नव्हे. हसू नका, काडी पेटवणारे बघितलेत मी. एलपीजीचा वास आला तर बटणं दाबू नका, सिलिंडर बंद करा, दारं उघडा, बाहेर जाऊन १९०६ लावा.

सूनबाई, मला विचाराल तर गिझर न्हाणीत नकोच. मागच्या भिंतीला बाहेरून टांगा, गरम पाणी तेवढं आत न्या. पाइप सीपीव्हीसीचा घ्या, साधा गरम पाण्यानं लोळतो. टाकी किती उंच आहे? दाब कमी असेल तर गिझर टिक-टिक करत बसतो, पेटत नाही.


करंजेकर_सून | तेरा दिवसांनी

उशीर झाला, सॉरी. काम झालं.

गिझर मागच्या भिंतीवर बाहेर गेला, छज्ज्याखाली. न्हाणीची खिडकी दुसऱ्या भिंतीला आहे. सिलिंडर शेजारीच, ओट्यावर उभा. टाकी गच्चीवरच असल्याने दाब पुरला. झरोक्याची काच गवंड्याने काढली आणि दोनशे रुपये जास्तीचे घेतले, कारण सिलिकॉन त्यानेच "एकदम पक्कं" भरलं होतं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, तुम्ही पहिल्याच गिऱ्हाईक आहात अशी तक्रार करणाऱ्या.

पहिल्या दिवशी यवतेश्वरकडून वारा सुटला आणि ज्योत दोनदा विझली. गॅस आपोआप बंद झाला, पण सासरे आत साबण लावून उभे! मग वेल्डरकडून वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा केला, वरून-खालून आणि समोरून मोकळा. आता विझत नाही. आडोसा झाल्यावर उदबत्तीही लावून बघितली. गिझरच्या वरच्या तोंडाशी धरली, धूर सरळ वर गेला.

सासऱ्यांची तक्रार अशी, की पाणी गरम यायला अर्धी बादली गार जाते. ती अर्धी बादली ते आता बाहेर जास्वंदीला घालतात आणि मला ऐकू येईल असं म्हणतात, "झाडाला बरंय, सुनेनं त्याची सोय केली."


जुना_फिटर | त्याच रात्री

आडोसा चारी बाजूंनी बंद केला नाही ते बरं. लोक पेटी करून टाकतात, मग पुन्हा तीच न्हाणी.


कंदी_पेढा | त्याच रात्री

मी एक्झॉस्ट फॅन काढला नाही, पण दाराला जाळी पाडलीय. ताई, तो माळ्यावरचा पाइप, कोपर आणि टोपी तुमच्या कामाची नाही ना आता? पोवई नाक्यावर येऊन घेऊन जातो.


जुना_फिटर | त्याच रात्री

आधी तुझ्या कॉलरचं माप घे.